सिकलसेल: संशोधन काय सांगते आणि आपल्या वस्त्यांत काय चालते

विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत ‘सिकलसेल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा-हिवाळा आला की सांधे धरून बसणारा मुलगा, महिन्यातून चार दिवस शाळा बुडवणारी मुलगी, वर्षातून दोनदा रक्त चढवायला मेडिकलला जाणारा भाऊ सगळ्यांना माहीत असतो. माहीत नसते ते वेगळेच. ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांत फरक काय, हा आजार आपल्यात इतका का, आणि त्यावर ज्यांनी आपलेच रक्त तपासून निबंध लिहिले त्यांना काय सापडले, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्ही वस्ती पातळीवर आरोग्याचे काम करतो. तरुण कार्यकर्त्यांना हाताशी असावी म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत.

आजार नेमका काय आहे

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. त्याची एक साखळी बनवणाऱ्या जनुकात एकच बारीक बदल होतो आणि सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. एवढ्यानेच ऑक्सिजन कमी झाला की पेशी गोल न राहता विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून असह्य वेदना होतात आणि पेशी लवकर फुटत असल्याने रक्त कमी पडते. 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक या डॉक्टरने या पेशींचे पहिले वर्णन छापले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले.

जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक येते. एकच सदोष आले तर तो माणूस ‘वाहक’, म्हणजे एएस पॅटर्न. वाहक हा रुग्ण नसतो. तो शेती करतो, हमाली करतो, पोलीस भरतीत धावतो. दोन्ही सदोष आली तर एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. ‘प्रत्येक’ या शब्दावर जोर द्यावा लागतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब घराघरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे.

आपल्यातच का?

या प्रश्नाला समाजात दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले ‘देवाचा कोप’. धम्म स्वीकारलेल्या घरातही ते अजून कुजबुजत बोलले जाते. दुसरे म्हणजे ‘आपल्या जातीचे रक्तच तसे’. दोन्ही उत्तरांना आधार नाही.

1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे मलेरिया पिढ्यानपिढ्या होता, तिथे वाहक जास्त जगले आणि हे जनुक वाढत गेले. म्हणून ते आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही आहे. भारतात 1952 मध्ये लेहमन आणि कटबुश यांना ते निलगिरीतल्या आदिवासींत आढळले. नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलेला निबंध 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानंतर विदर्भात गोंड, परधान, माडिया, तेली, कुणबी अशा अनेक समाजांत हे जनुक सापडत गेले. म्हणजे हा एका जातीचा आजार नाही. तो एका प्रदेशाचा आणि तिथल्या डासांचा इतिहास आहे.

मग काही समाजांत प्रमाण जास्त का दिसते? इथे वैद्यकशास्त्र संपते आणि समाजशास्त्र सुरू होते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. गटाबाहेर लग्न न करणे, म्हणजे अंतर्विवाह, हाच जातीचा प्राण आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. तो निबंध आजाराबद्दल नव्हता. पण आज जनुकशास्त्र वाचताना त्याची आठवण येतेच. मलेरियामुळे जनुक वाढले आणि गटातल्या गटात लग्ने होत राहिल्याने ते त्याच गटात फिरत राहिले. शंभर घरांच्याच वर्तुळात सोयरीक करायची म्हटले की दोन वाहक एकमेकांसमोर येण्याची शक्यता वाढणारच.

बौद्ध समाजात हा मुद्दा अवघड जागी दुखतो. 1956 मध्ये आपण जात सोडली, पण विदर्भात बावणे, लाडवन, बारके, कोसरे ही पोटजातींची नावे सोयरीक जमवताना अजून निघतात. बायोडाट्यावर ‘बौद्ध’ लिहिलेले असते आणि फोनवर पहिला प्रश्न ‘तुम्ही कोणते?’ हाच असतो. पोटजात मोडणे हे धम्माचे काम आहेच, ते आरोग्याचेही काम आहे. मात्र अर्धवट समजातून एक सल्ला हल्ली दिला जातो: ‘जातीबाहेर लग्न करा, सिकलसेल होणार नाही.’ विदर्भापुरते हे खरे नाही. इथे दुसऱ्या समाजातला जोडीदारही वाहक असू शकतो. आंतरजातीय लग्नाची बाजू घ्यायला दुसरी भक्कम कारणे आहेत. सिकलसेलच्या बाबतीत खात्री फक्त तपासणी देते.

तपासणीचे दोन टप्पे

शिबिरात साधारणपणे सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. पण ती फक्त ‘सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही’ एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. आम्हाला सर्वात जास्त गोंधळ इथेच दिसतो. शिबिरात ‘पॉझिटिव्ह’ शब्द कानावर पडला की घरचे घाबरतात, पुढची तपासणी होत नाही आणि धडधाकट वाहक मुलगी वर्षानुवर्षे ‘आजारी’ म्हणून ओळखली जाते. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी सोल्युबिलिटी टेस्ट भरवशाची नाही, हेही ध्यानात ठेवावे. शिबिर घेणाऱ्या मंडळाने पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची दुसरी तपासणी कुठे आणि कधी होणार, हे आधी ठरवावे. ते ठरले नसेल तर शिबिर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उपचार नाहीत असे नाही

भारतात आढळणारा सिकलसेल सौम्य असतो, असे पुस्तकांत बराच काळ लिहिले जात होते. इथल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते आणि त्याने थोडे संरक्षण मिळते, हे त्याचे कारण. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी बालरुग्णांवर जे काम केले, त्यातून मध्य भारतातली अनेक मुले गंभीर आजारी असतात हे पुढे आले. कमी, ठरावीक मात्रेत हायड्रॉक्सीयुरिया दिल्यास अशा मुलांची दुखणी आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते, हेही त्यांच्या अभ्यासात दिसले. 2012 मध्ये तो निबंध छापून आला. नवजात बाळांची तपासणी करून पहिल्या वर्षापासून पेनिसिलिन, लसी आणि देखरेख दिल्याचा फायदाही याच शहरात अभ्यासला गेला आहे. आपल्या रुग्णांवर, आपल्या सरकारी दवाखान्यात झालेले हे संशोधन आहे.

घरच्यांसाठी थोडक्यात: रोज फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, डॉक्टर सांगतील तर हायड्रॉक्सीयुरिया नियमित. एसएस मुलाला ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. हा लोहाच्या कमतरतेचा आजार नाही.

बदनामीचे समाजशास्त्र

ग्रीसमध्ये ओर्खोमेनोस नावाचे गाव आहे. जवळच्या दलदलीमुळे तिथे मलेरिया होता आणि जवळपास चौथा हिस्सा लोक वाहक होते. तिथे सगळ्यांची तपासणी झाली आणि वाहकांनी वाहकाशी लग्न करू नये असा सल्ला दिला गेला. काही वर्षांनी संशोधक परत गेले. वाहक-वाहक लग्ने जेवढी योगायोगाने झाली असती, जवळजवळ तेवढीच झाली होती. वाहक ठरलेल्यांना कमी लेखले जात होते, त्यामुळे लोक आपला रिपोर्ट लपवत होते. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही जगभर शिकवला जातो.

अमेरिकेचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे आहे. तिथे काळ्या लोकांच्या या आजाराकडे सरकारने दुर्लक्ष केले, तेव्हा 1971 पासून ब्लॅक पँथर पार्टीने आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेल तपासणी हाती घेतली. अलोंड्रा नेल्सन यांच्या ‘बॉडी अँड सोल’ या पुस्तकात तो इतिहास आहे. ज्या पँथरांकडे पाहून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांचे हे काम आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. आपण त्यांची घोषणा घेतली, रक्ततपासणीचे किट घेतले नाही! 1972 मध्ये अमेरिकी सरकारने कायदा केला. पण काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि पुरेसे समुपदेशन नसल्याने वाहकांनाही रुग्ण समजून नोकरीत, विम्यात डावलले गेले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना 1981 पर्यंत बंद होते.

आता आपल्याकडे पाहू. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासणीनंतर कार्ड दिले जाते आणि ‘कुंडलीऐवजी कार्ड जुळवा’ असा प्रचार होतो. कुंडली आपण कधीच सोडली, तेव्हा ही उपमा आपल्याला नको आहे. पण कार्डाचा प्रश्न खरा आहे. ते कोणाच्या हातात पडते? आमच्या कामात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तपासणी बहुतेक वेळा बाईची होते, तीही गरोदरपणी. ती वाहक निघाली की ‘हिनेच माहेराहून आणले’ असे सासरी ठरते. नवऱ्याला रक्त द्यायला सांगितले तर तो कामावर जातो. मूल एसएस असेल तर जनुक दोघांकडून आलेले असते, हे साधे शास्त्र त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

म्हणून वधू-वर परिचय मेळावे घेणाऱ्या संस्थांना आमची सूचना आहे. बायोडाट्यावर सिकलसेलचा रकाना छापू नका. मेळाव्याच्या ठिकाणी तपासणी आणि समुपदेशनाची सोय करा, रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्या, आणि मुलगा-मुलगी दोघांची तपासणी होणार असेल तरच करा. दोन वाहकांनी लग्न करायचेच ठरवले तर तेही गुन्हेगार नाहीत. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते आणि पुढचा निर्णय कायद्याच्या मर्यादेत त्या जोडप्याचा, विशेषतः त्या बाईचा असतो.

हक्क आणि आकडे

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आजार आहे. एसएस रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, वाहकाला नाही. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरले तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या 5 टक्के जागांसाठी दावा करता येतो. पण त्याच कायद्यातल्या नोकरीच्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. ज्या मुलाची पाच वर्षे दवाखान्यात गेली, त्याला कॉलेजात जागा मिळेल आणि भरतीत मिळणार नाही. या तफावतीवर आपल्या संघटनांनी अजून जोरकस मागणी केलेली नाही.

दुसरा प्रश्न मोजणीचा. राष्ट्रीय मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो योग्यच आहे, आदिवासी बांधवांचे हाल आपल्यापेक्षा जास्त आहेत. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या शहरी वस्त्यांतला बौद्ध रुग्ण ‘आदिवासी भागात’ मोडत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते, त्यांतले सुमारे 65 लाख महाराष्ट्रात. शोधनिबंधांत मात्र हाच समाज कधी ‘महार’, कधी ‘नवबौद्ध’, कधी नुसता ‘अनुसूचित जाती’ म्हणून येतो. नावे अशी बदलत राहिली की एका अभ्यासाची दुसऱ्याशी तुलना होत नाही आणि धोरण ठरवताना आपला आकडाच पुढे येत नाही.

आणि संशोधक वस्तीत आले तर? त्यांना विरोध करू नये, प्रश्न विचारावेत. आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आपल्या बाजूने आहेत. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, संमतीपत्र मराठीत आहे का, मध्येच माघार घेता येईल का, रक्त किती दिवस ठेवणार, आणि रिपोर्ट घरी कोण आणून देणार, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. नमुने नेले, पदवी मिळाली आणि रिपोर्ट कधी आलाच नाही, असे अनेक वस्त्यांतून आम्ही ऐकले आहे. समाजशास्त्र, नर्सिंग, जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय प्रबंधासाठी घेतला तर त्यांनीही रिपोर्ट पोहोचवण्याची तारीख संमतीपत्रावरच लिहावी.