हरकती आणि सूचना

चावडीवर किंवा तहसील कचेरीत डकवलेला सरकारी कागद आपण पाहिला असेल. त्याच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : ज्यांच्या काही हरकती वा सूचना असतील त्यांनी त्या मुदतीत कळवाव्यात. आपण ते वाचतो आणि पुढे जातो.

या वाक्याचा पाया १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात आहे. ज्या कायद्यात तशी अट असेल तेथे सरकारने नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा, तारीख नेमावी, आलेल्या हरकतींचा विचार करावा, असे त्याचे २३ वे कलम सांगते. इंग्लंडात असा कायदा १८९३ मध्ये झाला होता. तेथे तो १९४६ साली रद्द झाला, आपल्याकडचे कलम मात्र टिकले. पण त्यात एक मेखही आहे बरं का! नियम राजपत्रात छापून आला, की तो रीतसर झाला याचा तोच निर्णायक पुरावा. आता राजपत्र बुलढाण्याच्या शेतकऱ्याने कधी पाहावे?

ही अडचण इंटरनेटने सोडविली असे वाटले. केंद्राने २०१४ मध्ये ठरविले की कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस इंटरनेटवर ठेवावा. पुढच्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे नेट समानतेवर दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली. प्राधिकरणाने ती पत्त्यांसकट जाहीर करून टाकली, हा भाग वेगळा! परंतु फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाच्या दरांना बंदी करणारा नियम निघाला. लोकांनी लिहिले आणि फरक पडला.

मग २०२० साल उजाडले. पर्यावरणीय परिणामांच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा ऐन टाळेबंदीत, एप्रिलमध्ये राजपत्रात आला. जनसुनावणीत लोकांना मिळणारी तीस दिवसांची नोटीस त्यात वीसवर आणली होती. नांदुऱ्याकडे जिगाव धरणाखाली ज्यांची गावे जातात, त्यांना या दहा दिवसांची किंमत सांगायला नको. आपल्याकडे त्या जून महिन्यात सगळे बोलत होते ते लोणारच्या पाण्याविषयी. ते गुलाबी झाले होते ना! आणि मसुदा होता इंग्रजीत व हिंदीत.

३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, दहा दिवसांत द्यावा असे फर्माविले. लाखो पत्रे गेली. सगळ्या भाषांतले तर्जुमे मात्र त्या मुदतीत सरकारने काढले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. अधिसूचना हिंदी-इंग्रजीत काढली की कायद्याला पुरे, असे त्यांचे म्हणणे. सरन्यायाधीश होते शरद बोबडे, आपल्या नागपूरचे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या माणसाला या भाषा कळतीलच असे नाही, राजभाषा कायदाच बदलण्याचा विचार करा, असे त्यांनी सरकारी वकिलांना सुनावले. तो दिवस १३ ऑगस्टचा. हरकतींची मुदत संपून दोन दिवस झाले होते.