निस्तार आणि घराची डागडुजी : चांदा वनप्रदेशाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

चांदा वनप्रदेशाचा आधुनिक इतिहास लिहिताना जमीनमहसूल, इमारती लाकडाचा व्यापार आणि आदिवासींचे उठाव यांकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे वेधले गेले आहे. येथील घर मात्र त्या इतिहासात क्वचितच आढळते. आढळलेच तर झोपडी या एका शब्दात त्याची बोळवण होते. वस्तुतः लाकूड, बांबू व माती यांचे हे घर दरवर्षी थोडेथोडे नव्याने बांधावे लागते, आणि म्हणूनच ते बांधण्याच्या हक्कापेक्षा दुरुस्तीच्या हक्कावर अधिक अवलंबून असते. निस्ताराचा, म्हणजे घरगुती व शेतकीच्या गरजेपुरता वनोपज घेण्याच्या रूढ अधिकाराचा, विचार या बाजूने केल्यास त्याचे स्वरूप निराळे दिसू लागते. (चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले व २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, येथे जुने नाव त्या संपूर्ण प्रदेशासाठी योजिले आहे.)

घराची रचना प्रथम पाहिली पाहिजे. जमिनीत रोवलेले खांब, त्यांवर आडवी म्याल, म्यालीवरून उतरणारे बांबूचे फाटे, त्यांवर कवेलू किंवा गवताचे छप्पर, आणि बांबूच्या कुडाला शेणमातीचा लेप देऊन केलेल्या भिंती, अशी ती साधारणपणे असते. या प्रत्येक भागाचा शत्रू वेगळा आहे. वाळवी जमिनीतून येते. उजेड व कोरडी हवा तिला सोसत नाही, त्यामुळे मातीची नळी बांधीत ती खांबाच्या बुडातून वर चढते. वरून खांब शाबूत दिसतो आणि आतून पोकळ झालेला असतो. बांबूचा शत्रू भुंगेरा होय. बांबूच्या गाभ्यातील पिष्टासाठी तो त्यात शिरतो, आणि छपरातून भुरभुरणारी पिवळट भुकटी ही त्याच्या वास्तव्याची पहिली खूण असते. माकडे कवेलू फोडतात, उंदीर कुड पोखरतात. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरण्याचे काम उरकले नाही तर पुढचे चार महिने म्यालीवर पाणी गळते, आणि ओलसर लाकूड वाळवीला अधिकच मानवते.

यांवरील उपाय गावाला ठाऊक नव्हते असे नाही. कोवळा बांबू टाळून जून बांबू पावसाळ्यानंतर तोडावा, शक्य तर अंधाऱ्या पक्षात, आणि त्याच्या मोळ्या काही आठवडे नाल्यात किंवा बोडीत बुडवून ठेवाव्या, असा प्रघात होता. पक्षाची गोष्ट श्रद्धेची म्हणून सोडून दिली तरी पाण्यात बुडविण्यामागील कारण पक्के आहे : पिष्ट धुऊन जाते आणि भुंगेऱ्याला अन्न उरत नाही. खांबाच्या बुडाला बिब्ब्याचे तेल लावणे हा वाळवीवरचा जुना उपाय. परंतु सर्वांत मोठा उपाय लाकडाच्या निवडीत होता. जुन्या सागाचा व बिजाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. हलक्या जातींचे लाकूड, किंवा कोणत्याही झाडाचे बाहेरचे पांढरे लाकूड, काही वर्षांतच जाते.

आणखी एक उपाय होता, तो म्हणजे वस्तीच हलविणे. लगतच्या अबुझमाडातील माडियांविषयी ग्रिग्सनने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फिरत्या शेतीबरोबर गाव हलत असल्याचे वर्णन आहे. जेथे घर जमिनीइतकेच तात्पुरते होते, तेथे वाळवी ही आपत्ती नव्हती. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, फिरत्या शेतीवर बंधने आली आणि गाव एका जागी स्थिर झाले. ज्या काळात दुरुस्तीची गरज अशी वाढली, त्याच काळात दुरुस्तीचे साहित्य परवान्याखाली गेले. हा योग लक्षात घेण्यासारखा आहे.

सागासारख्या मोलाच्या जाती सर्वसाधारण निस्तारातून वगळण्याकडे वनखात्याचा कल होता. त्यामागे जंगल राखण्याची खरी चिंता होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि परिणाम उलटा होणे संभवनीय होते : कमी टिकाऊ लाकडाचा खांब लवकर बदलावा लागतो, आणि एका सागाच्या जागी त्याच घरासाठी दोनतीन झाडे पडतात. वनखात्याचा हिशेब तोडलेल्या झाडांचा असे. खांब किती वर्षे उभा राहिला याचा रकाना त्यात नव्हता. आलापल्लीचे सागवान मात्र दूरदूर जात राहिले. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी ते याच प्रदेशातून गेले.

मालगुजारीच्या काळात गावाच्या निस्ताराच्या रूढी वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदल्या जात. मालगुजार न्यायी असेच असे नव्हे; पण तो गावातला किंवा निदान ओळखीचा असे, आणि ज्येष्ठात मोडलेल्या म्यालीची निकड त्याला डोळ्यांनी दिसत असे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी व जमीनदारी हक्क शासनाकडे आले आणि ही विनंती वनखात्याकडे करावी लागू लागली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १६१ व्या कलमात निस्तारपत्रकाची आणि १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्जची तरतूद कायम ठेवली. कागदावर हक्क टिकला. पण वाळवी अर्जाच्या निकालासाठी थांबत नाही. दरम्यान बांबूलाही नवा मोठा ग्राहक मिळाला होता. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीला या जंगलांचा बांबू जाऊ लागल्यावर फाट्यांचा बांबू आणि लगद्याचा बांबू एकाच बेटातून निघू लागला.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात निस्तार हा शब्द सामूहिक हक्क म्हणून पुन्हा आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असे हक्क मिळाले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. परंतु या कायद्याने गौण वनोपजात बांबू धरला, इमारती लाकूड धरले नाही. त्यामुळे छपराचे फाटे गावाच्या मालकीचे झाले. म्याल व खांब मात्र निस्ताराच्या जुन्या वाटेनेच यावयाचे राहिले.