कण्याचे वंगण ते ऑइल सील : रायपूरच्या चाकांचा इतिहास

वाहनातून तेल गळणे हा आज दोष समजला जातो. परंतु चाकाच्या इतिहासात फार मोठा काळ असा गेला की गळती हा वाहनाच्या रचनेचाच एक भाग होता, आणि जे वाहन गळत नसे त्याच्या कण्यातले वंगण संपले किंवा गोठले, एवढाच त्याचा अर्थ होई. गळती दोष केव्हा ठरली आणि तिचा थंडीशी संबंध कसा आला, हे पाहण्यासाठी रायपूर हे गाव वरकरणी गैरसोयीचे वाटते, कारण डिसेंबर-जानेवारीतही तेथील पहाटेचे तापमान साधारणतः 12 ते 13 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि गोठणबिंदूपर्यंत ते कधीच उतरत नाही. तरीही मे महिन्यात याच शहरात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि वंगणाच्या व ते अडवून धरणाऱ्या वेष्टनाच्या दृष्टीने नुसत्या थंडीपेक्षा हे अंतर अधिक महत्त्वाचे ठरते.

अठराव्या शतकात छत्तीसगडचा धान्यव्यापार मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हे तांडे जंगलातील पायवाटांनी जात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या या वाहतुकीत चाकही नव्हते आणि वंगणही नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 च्या सुमारास भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली या प्रदेशात उतरल्या आणि 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, तेव्हाही परिस्थिती फारशी बदलली नाही. 1818 नंतर ब्रिटिश देखरेखीखालील कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले आणि पुढे नागपूर, रायपूर व संबळपूर यांना जोडणारा ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ बांधला गेला, तेव्हा कोठे बैलगाडी या भागातील दूरच्या व्यापाराचे साधन बनू लागली. शहरातून जाणारा हा रस्ता आजही ‘जी. ई. रोड’ म्हणूनच ओळखला जातो.

बैलगाडीच्या चाकाचा मध्यभाग, म्हणजे तुंबा, कण्याच्या टोकावर सैल बसवलेला असतो आणि तो निसटू नये म्हणून बाहेरून खीळ मारलेली असते. तुंबा व कणा यांच्यामधल्या फटीत तेल टिकून राहील अशी कोणतीही व्यवस्था या रचनेत नव्हती, आणि म्हणून गाडीवान तेलातच काजळी किंवा राख मिसळून त्याचा काळा, चिकट लगदा करीत, प्रसंगी कण्यावर ताग वा चिंध्या गुंडाळीत, आणि जवळचा साठा बांबूच्या पेरात भरून गाडीखाली टांगून ठेवीत. हा लगदा मराठी मुलखात वंगण म्हणून आणि छत्तीसगडात ओंगन म्हणून ओळखला जाई. तो दोन्ही बाजूंनी सतत बाहेर पडे, आणि बाहेर पडताना धूळ व झिजलेल्या लाकडाचा भुगा बरोबर घेऊन जाई. म्हणजे कणा स्वच्छ ठेवण्याचे काम ही गळतीच करीत होती. काजळीचा उपयोग केवळ तेल दाट करण्यापुरता नव्हता, कारण तिचे बारीक कण लाकूड व लोखंड यांच्यामध्ये कोरडा थर म्हणून राहत आणि तेल संपल्यावरही काही अंतर चाक ओढून नेत.

तेल कोणते, हा प्रश्न मात्र ऋतूप्रमाणे बदलणारा होता. छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे, म्हणजे स्थानिक बोलीतील टोरीचे, तेल मुबलक आणि स्वस्त होते. पण ते साधारण 25 ते 30 अंशांच्या खाली लोण्यासारखे घट्ट होते, त्यामुळे रायपूरच्या सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या थंडीतही ते गोठलेलेच असे. गोठलेले वंगण गळत नाही हे खरे, पण ते फटीत आतपर्यंत पसरतही नाही, आणि म्हणून पहाटे निघालेली गाडी कुरकुरत, बैलांना अधिक ओढ देत चाले, ती घर्षणाच्या उष्णतेने मोहाचे तेल वितळेपर्यंत. भातशेतीच्या या प्रदेशात, जेथे धानानंतर ओल्या जमिनीत जवस पेरण्याची चाल आहे, जवसाचे तेलही सहज मिळे. ते थंडीत पातळ राही, परंतु हवेच्या संपर्काने ते सुकून राळेसारखे चिकट होते (रंगकामात त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे), आणि उभ्या राहिलेल्या गाडीचे चाक त्याने जखडल्यासारखे होई. एरंडेल या दोन्ही दोषांपासून बऱ्याच अंशी मुक्त होते. ते शून्याखालीही बराच काळ वाहते राहते, धातूला घट्ट धरून बसते आणि लवकर सुकत नाही. ज्या एरंडेलाची पुढे रेल्वेला आणि आरंभीच्या विमानांच्या इंजिनांनाही गरज पडली, त्याचे मोल गाडीवानाला आधीपासून ठाऊक असावे, असे मानण्यास जागा आहे.

हे तेल घाण्यावर गाळणारा तेली, म्हणजे आजचा साहू समाज, छत्तीसगडातील सर्वांत मोठ्या समाजांपैकी एक आहे. रायपूरच्या पूर्व भागातील तलावाचे नाव तेलीबांधा आहे, आणि महानदीकाठच्या राजीम या तीर्थाची लोककथा तेथील राजीवलोचनाच्या मंदिराशी राजीम नावाच्या तेलिणीचे नाव जोडते. तेलाच्या धंद्याला या समाजजीवनात किती प्रतिष्ठेची जागा होती, हे यावरून दिसते. मात्र गाडीच्या कण्यात जाणारे तेल बहुधा गाळाचे आणि हलक्या प्रतीचे असे, हेही विसरता येत नाही.

रेल्वेने हे गणित उलटेपालटे केले. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची मीटर गेज लाईन 1880 च्या दशकाच्या आरंभी तयार झाली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉड गेजमध्ये रूपांतरित केली, रायपूरवरून पुढे नेली, आणि 1891 मध्ये नागपूर ते आसनसोल हा सलग मार्ग खुला झाला. मालडब्याच्या कण्याचे टोक ज्या ओतीव लोखंडी पेटीत फिरे तिला ‘ॲक्सल बॉक्स’ म्हणत. पेटीत वरच्या बाजूस पितळेचा अर्धगोल तुकडा असे, त्याला आयझॅक बॅबिट याने 1839 मध्ये पेटंट घेतलेल्या प्रकारच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर असे, आणि खाली तेलात भिजवलेल्या सुताच्या किंवा लोकरीच्या गुंत्यातून तेल कण्याला लागत राही. इंग्लंडमध्ये या पेट्यांत आरंभी चरबी, पामतेल, सोडा आणि पाणी यांचे घट्ट मिश्रण भरले जाई, आणि त्याचे उन्हाळी व हिवाळी असे निरनिराळे प्रमाण ठरलेले असे. हिंदुस्थानातील रेल्वेत एरंडेल मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, वंगणासाठी आणि दिव्यांसाठीही.

ही पेटी नावापुरतीच बंद होती. तिच्या मागच्या बाजूस, जेथून कणा चाकाकडे जातो, तेथे लाकडाची किंवा नमद्याची एक चकती असे. तिचे मुख्य काम धूळ अडवणे हे होते आणि तेल ती जेमतेम अडवी. त्यामुळे यार्डातील खडी काळी पडे आणि ठराविक अंतरावर पेट्यांत पुन्हा तेल घालण्यासाठी माणसे नेमावी लागत. पेटी कोरडी पडली की अस्तर वितळून कणा लाल होई. रेल्वेच्या भाषेत हाच ‘हॉट ॲक्सल’, आणि त्याच्या भीतीपुढे थोडी गळती परवडण्यासारखी मानली जाई. 1900 मध्ये रायपूर ते धमतरी हा अडीच फुटी अरुंद मार्ग सुरू झाला व अभनपुराहून त्याची एक शाखा राजीमला गेली, तेव्हा तेलिणीच्या त्या गावापर्यंत खनिज तेलाने वंगण घातलेली चाके पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. रंगून व डिगबोईच्या तेलउद्योगामुळे खनिज तेल याच सुमारास देशात सुलभ होत होते. घाण्याच्या तेलाचा एक ग्राहक अशा रीतीने हळूहळू हातचा गेला, आणि गावातच तयार होणारे वंगण बाहेरून विकत आणण्याची वस्तू बनले. गळती हा खर्च म्हणून हिशेबात येऊ लागली ती येथून.

ती पूर्णपणे दोष ठरली मोटारीमुळे. इंजिनात तेल दाबाने फिरते, खालच्या भांड्यात (ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात) परत येते, आणि फिरत्या दांड्याभोवती ते अडवण्यासाठी आधी नमदा, चामडे वा ग्रॅफाइट लावलेला दोर आणि पुढे कृत्रिम रबराची कडा असलेले ‘ऑइल सील’ बसवले गेले. कडाक्याच्या थंडीत ही व्यवस्था तीन ठिकाणी कोसळते. रबर ठरावीक तापमानाखाली लवचिकपणा गमावते आणि आकसलेल्या दांड्यावरची त्याची पकड सुटते. दाट झालेले तेल सुरुवातीच्या क्षणी नेहमीपेक्षा जास्त दाब निर्माण करून फिल्टरचे पॅकिंग ढकलते. आणि इंजिनातील वाफ बाहेर सोडणारी नळी, म्हणजे ‘ब्रीदर’, आतील ओलाव्याच्या बर्फाने बंद झाली की कोंडलेला दाब सर्वांत कमजोर सीलमधून तेल बाहेर फेकतो. 1941 च्या डिसेंबरात मॉस्कोपुढे तापमान उणे 30 अंशांखाली गेले, तेव्हा जर्मन सैन्याला इंजिनांखाली शेकोट्या पेटवाव्या लागल्या, कारण तेलाचा दाटपणा, म्हणजेच शास्त्रीय भाषेतील श्यानता, इतका वाढला होता की इंजिन फिरेना.

रायपूरमध्ये यांपैकी बर्फाची कोंडी कधीच होत नाही. 1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाल्यानंतर मुंबई-कोलकाता महामार्गावरील हे शहर ट्रकवाहतुकीचे मोठे केंद्र बनले आणि टाटीबंध, भनपुरी या भागांत गॅरेजांची दाटी झाली. तरीही हिवाळ्याच्या पहाटे ट्रकखाली तेलाचे थेंब दिसतात, आणि त्याचा दोष सहसा थंडीच्या माथी मारला जातो. वस्तुतः 12 अंशांची थंडी चांगल्या रबराला जाणवण्याइतकीही नसते. त्या रबराचे नुकसान आधीच्या एप्रिल-मेमध्ये झालेले असते, कारण लोखंड-कोळशाने लादलेल्या ट्रकचे इंजिन 45 अंशांच्या हवेत दिवसभर तापले की तेलात भिजलेले रबर आतून कडक होत जाते. उन्हाळ्यात पातळ झालेले तेलही अशा सीलमधून झिरपते, पण चालत्या गाडीत ते रस्त्यावर पसरून जाते. थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत तेच सील किंचित आकसते, आणि इंजिन तापून ते पुन्हा फुगेपर्यंत थेंब एकाच जागी पडत राहतात.

छत्तीसगडात याहून खरी थंडी पाहायची तर सरगुजातील मैनपाटच्या पठाराकडे जावे लागते, जेथे हिवाळ्यात दव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो आणि जेथील खाणींतून बॉक्साइट ट्रकने खाली आणले जाते. तेथेही शून्याच्या आसपासचे तापमान आजच्या बहुश्रेणी तेलाच्या, म्हणजे थंड असताना फार दाट न होणाऱ्या आणि तापल्यावर फार पातळ न होणाऱ्या तेलाच्या, मर्यादेत आरामात बसते. त्यामुळे पूर्वीप्रमाणे हिवाळ्यासाठी व उन्हाळ्यासाठी निराळे तेल भरण्याची गरज उरलेली नाही; सील बदलण्यासाठी मात्र हिवाळ्यातील पहिल्या थेंबाची वाट न पाहता पावसाळ्याच्या तोंडीच गाडी मिस्त्रीकडे नेणे अधिक हिशेबाचे ठरते.