वॉकर, फुलर, टकर : एका धंद्याची तीन आडनावं

मुलतानी माती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असते. चेहऱ्याला लावायच्या या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, म्हणजे फुलरची माती. हा फुलर कुणी एक माणूस नव्हे. तो एक धंदा होता, आणि आज ते एक आडनाव आहे. आजच्या भागात या आडनावाची आणि त्याच्या दोन भावंडांची, वॉकर आणि टकर यांची, गोष्ट पाहूया.

मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. पण मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड लगेच वापरता येत नसे. ते विरविरीत असे, त्यात तेलकटपणा राहिलेला असे. म्हणून ते कुंडात टाकत, त्यात पाणी आणि शिळं मूत्र किंवा तेल शोषणारी ती माती घालत, आणि माणसं तासन्‌तास अनवाणी पायांनी ते तुडवत. तेल निघून जाई, कापड आटे आणि तंतू बुरणुसासारखे एकमेकांत घट्ट बसत. मग ते लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवत. काम ओलं आणि दुर्गंधीचं होतं, पण त्याशिवाय चांगलं लोकरी कापड तयारच होत नसे.

हे काम करणाऱ्याला उत्तर इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये म्हणत वॉकर, म्हणजे पायांनी तुडवणारा. आग्नेयेकडे तोच फुलर. या शब्दाचं मूळ लॅटिन. नैर्ऋत्येला, डेव्हनच्या बाजूला, तो टकर. ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून हा शब्द आला, त्याचा अर्थ छळणं असा होता! कापडाचा छळ करणारा तो टकर. एक्सेटर शहरात विणकर आणि टकर मंडळींच्या संघाने १४७१ साली बांधलेला ‘टकर्स हॉल’ आजही उभा आहे.

सुरुवातीला ही आडनावं नव्हतीच. गावात दोन रॉबर्ट असले की एक ‘रॉबर्ट फुलर’. त्याचा मुलगा बेकर झाला तर तो बेकर. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकांत मात्र जमिनीचे कागद आणि करनोंदी वाढल्या, आणि बापाचं नाव मुलाला चिकटू लागलं.

आणि नेमक्या याच काळात पाय थांबत होते. पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे कापड बडवू लागले. इंग्लंडमधल्या अशा चक्क्यांची नोंद टेम्पलर पंथाच्या ११८५ सालच्या पाहणीत मिळते. इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ साली या बदलाला ‘तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती’ म्हटलं.

पण चक्की कुणाची? बहुतेकदा जमीनदाराची किंवा मठाची. सेंट ऑल्बन्स इथल्या मठाधिपतीचा आग्रह होता की शहरातल्या लोकांनी कापड त्याच्याच चक्कीवर आणावं आणि त्याचे पैसे मोजावेत. लोक घरीच कापड तुडवत राहिले. १२७४ साली हे भांडण राजाच्या न्यायालयापर्यंत गेलं, आणि मठ जिंकला. धान्य दळायच्या जात्यांवरूनही तिथे असाच झगडा झाला. जप्त केलेली जाती मठाधिपतीने आपल्या दालनाच्या फरशीत बसवली. १३८१ च्या शेतकरी उठावात लोकांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे वाटून घेतले. स्वतःच्या हातापायांनी केलेल्या कामावर हक्क कुणाचा, हा तो प्रश्न होता.

हेब्रिडीज बेटांवर मात्र बायका विसाव्या शतकापर्यंत गाणी म्हणत लोकरीचं कापड हातांनी घोळत राहिल्या. त्यांच्या या कामाचं आडनाव झालं नाही. आडनाव बापाकडून येत होतं.

असाच एक स्कॉटिश वॉकर आपल्या इतिहासातही आहे : बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर. काठियावाडातल्या संस्थानिकांनी गायकवाडांना किती खंडणी द्यायची, हे ठरवणारा १८०७ सालचा करार त्याच्याच नावाने ओळखला जातो. कापड तुडवणाऱ्याचं नाव लावणारा माणूस रेसिडेंट झाला, आणि त्याच्या नावावरून कुणी त्याचा मूळ धंदा विचारला नाही. आपल्याकडे आडनाव ऐकून आजही पुढचा प्रश्न येतो. नाव धंद्यापासून सुटणं ही तिथे काही शतकांत घडलेली गोष्ट आहे. इथे ती अजून पूर्ण व्हायची आहे.