संथ लयीचा शोक

गेल्या श्रावणांत मी चार दिवस राधानगरीस होतों. पावसाची झड लागलेली आणि लक्ष्मी तलाव कांठोकांठ भरलेला. छत्रपति शाहूमहाराजांनीं भोगावतीवर बांधावयास घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं ते आपोआप उघडतात, आणि त्या वेळीं जो आवाज होतो, तो कानांपेक्षां छातीलाच अधिक कळतो. त्याच दिवसांत मुंबईहून आलेल्या माझ्या भाच्यानें घरांत एक ध्वनिमुद्रण लावलें. तेंहि असेंच; खर्जांतलें, संथ आणि जड. माजघरांतून आमच्या आत्याबाईंनीं विचारलें, “कुणाच्या घरीं कोण गेलं काय रं, बाळा ?” आम्ही सारे हंसलों. भाचा मात्र म्हणाला, “आजी, या मंडळींचं नांवच तें आहे.”

मुंबईच्या या वाद्यवृंदाचें नांव ‘डर्ज’. मृतासाठीं गाइल्या जाणाऱ्या शोकगीताला इंग्रजींत हा शब्द आहे. त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका २०१८ सालीं निघाली. तिला मध्य अमेरिकेंतील माया लोकांच्या मृत्युदेवतेचें, ‘आह पुच’ हें नांव दिलेलें आहे. दुसरी २०२३ सालीं आली. या संगीताला जाणकार ‘डूम’ आणि ‘स्लज’ अशीं दोन नांवें देतात. डूम म्हणजे अटळ अशी अखेर. स्लज म्हणजे गाळ. लय अतिविलंबित, गिटारचा नाद मुद्दाम खरखरीत केलेला, आणि गाणें कंठ फोडून ओरडल्यासारखें. सुशिक्षित घरांत याला गोंगाट म्हणून दार लावून घेतात. मींहि तेंच करणार होतों. परंतु या गोंगाटाची वंशावळ पाहूं गेलों, तेव्हां ती एका कारखान्याच्या दारांत जाऊन थांबली.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें धातुकामाचें शहर. तेथें १९६५ सालीं टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. नोकरीचा शेवटचाच दिवस. पुढें वादनाचा व्यवसाय करावयाचा, हें ठरलेलें. त्याच दिवशीं यंत्राखालीं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गेलीं. मुलगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबावयाचा हात नेमका तोच. कारखान्यांतील एका वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. राइनहार्टचीं दोन बोटें आगींत निकामी झालीं होतीं, तरी तो वाजवीत राहिला होता. आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें, आणि बारीक तारा लावल्या. पुढें त्यानें तारा सैलहि केल्या. तार सैल केली कीं दुखऱ्या बोटाला ती दाबणें सोपें जातें; आणि सूर आपोआप खालीं उतरतो. १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेंतील कांहीं गीतांत तो नेहमींपेक्षां तीन अर्धस्वर खालीं आहे.

१९६८ सालीं याच वस्तींतील चौघांनीं जो वाद्यवृंद उभारला, तो ‘ब्लॅक सॅबथ’. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली. तिच्या आरंभींची स्वरावली आपल्या भाषेंत सांगावयाची तर षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम, एवढीच आहे. आपल्याकडे तीव्र मध्यम सायंकाळच्या रागांना कातरता देतो. येथें पंचमाचा आधार नसल्यामुळें तो अधांतरीं लोंबकळतो, आणि ऐकणाऱ्याच्या पोटांत भीति उभी राहते.

हें ऐकतांना मला कोल्हापूरचीच एक कथा आठवली. अल्लादियाखांसाहेबांचा आवाज तरुणपणीं अतिगायनानें बसला. तो परत आला, तेव्हां पूर्वींचा राहिला नव्हता. जड झाला होता. त्या नव्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनीं घडविली, आणि शाहूमहाराजांच्या आश्रयानें ती कोल्हापुरांत रुजली. या दोन संगीतांत कांहीं नातें आहे असें मी म्हणत नाहीं. पण झालेली इजा झांकून न ठेवतां तिच्यांतूनच नवी रीत काढणें, ही गोष्ट दोहोंकडे एकच आहे.

पुढें या घराण्यांतील बहुतेक मंडळी द्रुत लयीकडे धांवलीं. थोडीं मात्र संथ राहिलीं. स्वीडनच्या ‘कँडलमास’नें १९८६ सालीं आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या नांवांतच ‘डूम’ शब्द गुंफला. अमेरिकेच्या वायव्य टोंकाला लांकूडतोडीच्या मुलुखांत १९८३ सालीं ‘मेल्विन्स’ निघाले. न्यू ऑर्लिन्सच्या दमट हवेंत १९८८ सालीं ‘आयहेटगॉड’ निघाले. गाळाचें नांव या पिढीच्या संगीताला चिकटलें.

मुंबईंत रॉक संगीताचा मोठा मेळा १९८६ पासून भरूं लागला. धोबीतलावाचें रंगभवन हें त्याचें माहेरघर होतें. पुढें शांतता-क्षेत्राच्या नियमांनीं तें मुकें झालें. २००० सालीं ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ आणि २००३ सालीं ‘भयानक मौत’ हे वृंद उभे राहिले. वादकांना छप्पर मिळालें तें पुष्कळदां गिरणगांवांत. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारांत २००७ पासून २०१६ पर्यंत ‘ब्लू फ्रॉग’ हें संगीतगृह चाललें. जेथें एके काळीं भोंगा वाजे, तेथें गिटार वाजूं लागली.

माझ्या भाच्याचे आजोबा परळच्या एका गिरणींत मागावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत अडीच लाख कामगार उतरले, त्यांत तेहि होते. संप कोणीं रीतसर मागें घेतला नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. आजोबा वळकटी घेऊन गांवीं परतले. मागांच्या खडखडाटानें त्यांचे कान मंद झाले होते. तरी त्या खडखडाटावांचून त्यांना झोंप लागेना. रात्रीं उठून ते ओटीवर बसत. भाच्यानें माग कधीं ऐकलेला नाहीं. तो म्हणाला, “मामा, आजोबांना काय ऐकूं येत होतं, तें मला यांत थोडं सांपडतं.” डर्जच्या वादकांनीं गिरण्यांचा विचार केला असेल असें नाहीं, ऐकणारा आपलें दुःख बरोबर घेऊन येतो.

ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न ५ जुलै २०२५ रोजीं आपल्याच गांवीं अखेरचा गाइला आणि २२ जुलैस वारला. ३० जुलैस त्याची अंत्ययात्रा निघाली, तेव्हां पितळी वाद्यांचा बँड त्याच्याच चाली वाजवीत पुढें होता, आणि बर्मिंगहॅमचे लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते.

श्रोतेहो, आपल्या घरांतील एखादा मुलगा असलें कांहीं लावून बसला, तर आवाज थोडा कमी करावयास अवश्य सांगा. परंतु दार लावण्यापूर्वीं आमच्या आत्याबाईंचा प्रश्न त्याला एकदां विचारा. “कोण गेलं ?” म्हणून. तो कदाचित् उत्तर देईल.