प्रबंध, मार्गदर्शक आणि मतभेद

गंगापूर रोडवरच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तिथे वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प आले की माझ्या टेबलावर गठ्ठा जमतो. विषय ठरलेले. दुचाकी घेणाऱ्या ग्राहकाचे समाधान, नाहीतर बँकेची कर्जे. माझाही प्रकल्प असाच झाला होता. मार्गदर्शकांनी विषय दिला, मी उतरवला, त्यांनी न वाचता सही केली. घरातला पहिला पदवीधर होण्याच्या आनंदात मला त्यात काही वावगे वाटले नाही.

यंदा एक मुलगी म्हणाली, "सर, वडील गंगापूर नाक्याजवळ चपला शिवतात. त्यांच्या धंद्याचा जमाखर्च लिहू का?" मी म्हणालो, "त्याला साहित्य कुठून मिळणार?" बोलून गेलो आणि मनातून खजील झालो.

बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व अर्थव्यवहारावर होता. म्हणजे एका व्यापारी कंपनीचा जमाखर्चच तपासला होता. १८५८ साली कंपनीचे राज्य गेले. तिचे कर्ज मात्र या देशातल्या रयतेच्या माथी राहिले, हे त्यांनी मांडले. आपल्याकडे या प्रबंधांची नावे जयंतीच्या भाषणात घेतली जातात. पाने उघडणारे थोडे.

पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ साली परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. विषय रुपयाचा. सुवर्ण विनिमय पद्धतीची केन्सने १९१३ साली तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी तिच्यावरच हल्ला चढवला. चलन फुगवणे सरकारच्या हाती राहिले, तर महागाईत मजुरीवर जगणारा भरडला जातो, हे त्यांना दिसत होते. १९२२ साली दिलेला प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. त्यांनी तो लिहिला, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत. १९२३ साली तो मान्य झाला आणि ग्रंथरूपाने निघाला.

त्या ग्रंथाला प्रस्तावना कॅननची. या पद्धतीविषयीचा लेखकाचा विरोध आपल्याला मान्य नाही, त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असे ते सरळ लिहितात. आणि तरीही त्याच्या विचारांतल्या ताजेपणाची दाद देतात. शिष्याने ही प्रस्तावना आपल्याच पुस्तकात छापली. मार्गदर्शन याला म्हणतात. आमच्या सह्यांना काय म्हणावे?

मुलीला परत बोलावले. सोमवारी ती वही घेऊन आली. चामडे, सोल, दोरा, खिळे, सगळे उधारीवर. व्याजाचा रकाना नव्हता. मी म्हटले, "व्याज का नाही, ते विचारून ये."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, व्याज भावातच धरलेलं असतं. रोखीने घेणाऱ्याला तोच माल स्वस्त मिळतो."

पहिले प्रकरण तिथून सुरू झाले.