एम्प्रेस मिल ते कोराडी : यंत्र अभियंत्याची जबाबदारी

नागपूर परिसरात यंत्र अभियंत्याच्या पेशाला रेल्वेने वाट करून दिली. १८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग येथे पोचला. पण या पेशाने शहरात मूळ धरले ते एम्प्रेस मिल या कापड गिरणीमुळे. कापूस हाताशी आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ, म्हणून जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले होते. यंत्रांचा भार जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञावर होता.

सुरुवातीची यंत्रे हलकी निघाली आणि ती टप्प्याटप्प्याने बदलावी लागली. पुढे लँकेशायरमध्ये म्यूल यंत्रांचा जोर कायम असतानाच येथे रिंग फ्रेम आल्या. रिंग फ्रेमवर सूत पिळणे आणि गुंडाळणे एकाच वेळी होत असल्याने चात्यांचा वेग वाढवता येई. या वेगाबरोबर अभियंत्याचे कामही वाढले. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत ठिसूळ होऊन सारखे तुटते, म्हणून खात्यांत हवा दमट ठेवणारी यंत्रणा बसवावी लागली. कापसाची भुकटी क्षणात पेट घेते, म्हणून आगीसाठी पाण्याच्या फवाऱ्यांची सोय झाली. पुस्तकी ज्ञान स्थानिक हवामानाशी जुळवून घेणे ही या पेशाची पहिली कसोटी नागपूरने लवकर घेतली.

खरी जोखीम मात्र बॉयलरघरात होती. १८६३ मध्ये कोलकात्यात झालेल्या बॉयलर स्फोटानंतर प्रांतोप्रांती तपासणीचे कायदे झाले आणि १९२३ मध्ये देशभरासाठी भारतीय बॉयलर कायदा आला. बॉयलरचा परवाना जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. मुदत संपली की पुन्हा तपासणी, आणि अपघात झाला तर चोवीस तासांत कळवणे बंधनकारक. कामगार नुकसानभरपाईचा कायदाही त्याच वर्षीचा. एम्प्रेस मिलने अपघाताची भरपाई १८९५ पासूनच सुरू केली होती, ही नोंद गिरणीच्या कोणत्याही नफ्याच्या आकड्याहून मोलाची आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या भागांना कुंपण घालणे आणि उचल यंत्रांची ठरावीक मुदतीत तपासणी करणे सक्तीचे केले. सक्षम व्यक्तीच्या सहीखाली अहवाल जाऊ लागला आणि त्या सहीमागे कामगारांचे प्राण आले.

शिक्षणाची सोय पुढे झाली. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले; आज ते व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाते. १९७४ मध्ये नागपूरजवळच्या कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र चालू झाले आणि बॉयलरची जोखीम गिरणीपलीकडे गेली. तेथील नंतरचे ६६० मेगावॅटचे तीन संच वाफेचा दाब २२१ बारच्या वर नेऊन चालतात. अशा ठिकाणी नळीतली छोटी गळतीही जीवघेणी ठरते. दुसरीकडे, संच बंद केला तर राज्याच्या वीजपुरवठ्यावर ताण येतो. रात्रपाळीतल्या अभियंत्याला दोन्ही तोलून, कधी काही मिनिटांत, निर्णय घ्यावा लागतो. यंत्र वेळेवर थांबवण्याचे हे धैर्य या पेशातले सर्वांत कठीण काम आहे आणि परीक्षेच्या गुणांत ते दिसत नाही.

 वर्धा मार्गावरचा मिहान प्रकल्प आणि त्यापुढची बुटीबोरी औद्योगिक वसाहत नागपूरच्या दक्षिणेला आहेत. मिहानमध्ये आता विमानांच्या देखभालीचे काम चालते. तिथे प्रत्येक दुरुस्तीची नोंद अधिकृत सहीने पुरी झाल्याशिवाय विमान उडत नाही. बॉयलरच्या बाबतीतही १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. जीवितहानीला कारण ठरणाऱ्या गुन्ह्यांसाठी फौजदारी शिक्षा त्यातही कायम आहे.